अभ्यासाला बस म्हणण्याआधी

सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. 2022च्या ऑगस्टपासून तिथे रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरून भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की घरोघरचे टीव्ही बंद आणि मोबाइल बाजूला. साडेआठला दुसरा भोंगा. मधला दीड तास मुलांच्या अभ्यासाचा. कोरोनात शाळा मोबाइलवर आली, पुढे शाळा परत भरू लागली तरी मोबाइल हातातून सुटेना. तेव्हा सरपंच आणि गावकरी एकत्र बसले आणि त्यांनी हे ठरवलं.

बातमी देशभर गाजली आणि सगळ्यांचं लक्ष भोंग्याकडे गेलं. मला त्यातलं दुसरंच महत्त्वाचं वाटतं. त्या गावाने मुलांना शिस्त लावण्याआधी मोठ्यांचे टीव्ही बंद केले.

आपल्याकडे संध्याकाळी काय चालतं? बाबांच्या हातात मोबाइल, समोर मालिका, आणि आतल्या खोलीकडे तोंड करून दर पंधरा मिनिटांनी एक आरोळी: ‘अभ्यासाला बसलास का?’ नववीतला मुलगा बसतो. वही उघडतो. बाहेरचा प्रत्येक संवाद त्याला ऐकू येत असतो. तासाभराने वहीत चार ओळी असतात आणि घरात भांडण. मग सगळे मिळून निष्कर्ष काढतात की मुलाला अभ्यासाची सवयच नाही. सवय लागावी असं त्या घरात त्या वेळी काही होतं का, हे कोणी विचारत नाही.

सवय उपदेशाने लागत नाही. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, ठरलेल्या गोष्टीपाठोपाठ तेच काम रोज केलं की लागते. पूर्वी दिवेलागणीला शुभंकरोति झालं की पाठोपाठ पाढे व्हायचे. कोणाला आठवण करून द्यावी लागत नसे, दिवा लागला हीच आठवण. आज दिवेलागण उरली नसेल तर दुसरी खूण धरा. खेळून आलं, हातपाय धुतले, खाऊन झालं की वही. घड्याळातल्या आकड्यापेक्षा ही साखळी जास्त टिकते, कारण पाहुणे आले, पाऊस पडला, लाइट गेली तरी हातपाय धुणं चुकत नाही.

आणि ते ‘एकवीस दिवसांत सवय’ सांगणं कृपा करून थांबवा. पालकसभांमधून, व्याख्यानांमधून हे इतकं सांगितलं जातं की लोकांना ते विज्ञान वाटू लागलंय. मूळ आहे मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लॅस्टिक सर्जनच्या 1960च्या पुस्तकात. रुग्णांना आपल्या बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान एकवीस दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. त्याचा बीजगणिताशी काय संबंध? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 2010मध्ये 96 माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्येकाने रोज करायची एक साधी गोष्ट निवडली होती. ती अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले. कोणाला 18, तर कोणाला 254 लागतील असा हिशेब निघाला. मधला एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडली नाही, हेही त्यांना दिसलं.

म्हणजे जूनच्या मध्याला शाळा उघडल्यापासून रोज बसलेल्या मुलाची बैठक जमायला श्रावण-भाद्रपद उजाडणार. बाविसाव्या दिवशी ‘याचं काही होणार नाही’ म्हणून हात टेकणाऱ्या पालकांना हा आकडा माहीत हवा. एक दिवस बुडाला म्हणून चार दिवस बोलणी खावी लागणाऱ्या मुलांनाही. बुडालेल्या दिवसाचा पंचनामा करू नका. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी वही उघडली की झालं.

आता वेळेचा हिशेब. केंद्र सरकारच्या 2020च्या दप्तर धोरणात गृहपाठाची मर्यादा स्पष्ट लिहिली आहे. दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, तिसरी ते पाचवी आठवड्याला दोन तास, सहावी ते आठवी रोज एक तास, नववी ते बारावी रोज जास्तीत जास्त दोन तास. हे दोन तास सगळ्या विषयांचे मिळून आहेत. पण गणिताच्या बाई आपला गृहपाठ देतात, विज्ञानाचे सर आपला देतात, इंग्रजीच्या बाई आपला, आणि ही बेरीज शाळेत कोणी करत नाही. त्यावर क्लासचा गृहपाठ वेगळा. शाळा सुटल्यावर सहा ते साडेआठ क्लास, घरी पोचेपर्यंत नऊ, जेवण दहाला. या मुलाने गृहपाठ करायचा कधी? जो एक तास त्याने स्वतःच्या डोक्याने झगडायचं, तोच आपण फी भरून दुसऱ्याला विकून टाकला. सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंग सेंटरमध्ये प्रवेश देऊ नये, अशा मार्गदर्शक सूचना केंद्राने जानेवारी 2024मध्ये काढल्या. आठवी-नववीच्या बॅचेसचे फलक तुमच्या चौकात अजून आहेत का, ते बघा.

शाळांना करता येण्यासारखी गोष्ट अगदी साधी आहे. शिक्षकांच्या खोलीत प्रत्येक तुकडीचा एक तक्ता लावा. कोणी कोणत्या वारी किती वेळाचा गृहपाठ दिला, ते त्यावर लिहा. मंगळवारचे दोन तास भरले की पुढच्याने बुधवार घ्यावा. याला ना निधी लागतो ना शासन निर्णय.

वेळ मिळाला तरी त्या वेळात मुलगा काय करतो? बहुतेक घरांत ‘गृहपाठ झाला’ याचा अर्थ ‘उतरवून झाला’ असाच असतो. आधी गाइडमधून उतरवत, आता प्रश्नाचा फोटो काढून मोबाइलकडून उत्तर घेतात. अक्षर सुंदर, समास आखलेला, आणि डोक्यात शून्य. मुलांना दोष देताना थोडं थांबा. पंधरा उत्तरं उद्या दाखवायची आहेत, नाही दाखवली तर वर्गाबाहेर उभं राहायचंय आणि दाखवली तर कोणी वाचणार नाही, हे मुलाला ठाऊक आहे. तो उतरवणारच. ‘चुकलेलं उत्तर दहा वेळा लिहून आण’ ही शिक्षाही त्याच जातीची. ती हात दुखवते आणि लिहिणं म्हणजे शिक्षा, एवढंच शिकवते.

अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा 2006चा प्रयोग प्रत्येक पालकसभेत सांगायला हवा. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी वाचून बाजूला ठेवला आणि आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे बरेच पुढे गेले. परीक्षेच्या आदल्या रात्री पाठांतर करणाऱ्याला सगळं येतंय असं वाटतं आणि सहामाहीनंतर तोच धडा कोरा होतो, त्याचं हे कारण.

म्हणून गृहपाठाची पहिली दहा मिनिटं पुस्तक मिटून. आज वर्गात काय झालं ते आठवून लिहायचं, मोडकं-तोडकं चालेल. मग पुस्तक उघडून काय राहिलं ते पाहायचं. त्यानंतर स्वाध्याय. आईला त्रिकोणमिती येत नसली तरी काही बिघडत नाही. ‘आज काय शिकवलं, मला सांग’ एवढं तिने विचारलं आणि भाकऱ्या थापता थापता पाच मिनिटं नीट ऐकलं, तर मुलाला आठवून, जुळवून बोलावं लागतं. शाळेची पायरी न चढलेल्या आईलाही हे जमतं. किंबहुना तिला जास्त चांगलं जमतं, कारण तिला काही गृहीत धरून सांगता येत नाही.

गणिताचं थोडं वेगळं. बालभारतीच्या दहावीच्या पुस्तकात प्रकरणात सरावसंच असतात आणि शेवटी संकीर्ण प्रश्नसंग्रह. वर्गसमीकरणाच्या सरावसंचातली वीस गणितं ओळीने सोडवताना मुलाला रीत शोधावीच लागत नाही. सगळी एकाच रीतीची असतात हे त्याला आधीच माहीत असतं. परीक्षेत मात्र हे अंकगणिती श्रेढीचं की समीकरणाचं, ते कपाळावर लिहिलेलं नसतं. तेव्हा रोज सहाच गणितं द्या, पण तीन आजच्या प्रकरणातली, दोन मागच्या महिन्यातली, एक पार जूनमधलं. वीस उतरवण्यापेक्षा सहा सोडवणं कठीण असतं. मुलं कुरकुरतील. कुरकुरू द्या.

आता वही तपासणं. इथे मी शिक्षकांच्या बाजूने उभा आहे. साठ मुलांची तुकडी, एका वहीला दोन मिनिटं धरली तरी दोन तास. अशा चार तुकड्या. वर सर्वेक्षणं, मतदार याद्या, ऑनलाइन माहिती भरणं, निवडणुकीचं काम. लाल पेनाची बरोबरची खूण आणि तारीख यापलीकडे त्या माणसाने काय करावं? आपल्या शिक्षण खात्याने 2023मध्ये आठवीपर्यंतच्या पाठ्यपुस्तकांत लिहिण्यासाठी कोरी पानं घातली आणि 2025च्या जानेवारीत ती काढून टाकायचं ठरवलं. दप्तराचं ओझं, पुस्तकाची जाडी, छपाई यावर दोन वर्षं चर्चा झाली. त्या पानांवर मूल जे लिहील ते वाचायला शिक्षकाला वेळ कुठून द्यायचा, हा विषय अजेंड्यावर आलाच नाही.

दहावीच्या गणितात वीस गुण अंतर्गत मूल्यमापनाचे आहेत आणि त्यात गृहपाठाचा वाटा आहे. हे गुण बहुतेक शाळांत सरसकट भरून दिले जातात, हे मुलांना, पालकांना, मंडळाला, सगळ्यांना माहीत आहे. वर्षभर प्रामाणिकपणे करणारी मुलगी आणि शेवटच्या आठवड्यात मैत्रिणीची वही उतरवणारी, दोघींना सारखेच. हा त्या पहिल्या मुलीवर अन्याय आहे, आणि तिला तो कळतो. सगळ्या वह्या रोज तपासता येत नसतील तर रोज सहा तपासा, चिठ्ठ्या टाकून. पण त्या सहा वाचा. एका तरी चुकीशेजारी ‘इथे चिन्ह का बदललं?’ असं लिहा. आपलं लिहिलेलं कोणीतरी खरंच वाचतं, हे कळल्यावर वर्गाची वही बदलते.

राहिली जागा. वरळीत सुदाम काळू अहिरे मार्गाला लोक ‘अभ्यास गल्ली’ म्हणतात. शेजारच्या जुन्या बीडीडी चाळींतली खोली 160 चौरस फुटांची, त्यात सगळं कुटुंब. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या मुलं त्या गल्लीत रस्त्यावरच्या दिव्याखाली येऊन बसली. या मुलांच्या जिद्दीचं कौतुक करणारे लेख दर निकालाला छापून येतात. मला त्या कौतुकाचा राग येतो. मुलाला रात्री आठ वाजता रस्त्यावर बसून अभ्यास करावा लागू नये, ही साधी गोष्ट आहे, आणि अनेक मुलींना तर घरून तेही करू दिलं जात नाही.

त्याच वेळी प्रत्येक वस्तीत एक इमारत रिकामी असते. बाकं आहेत, फळे आहेत, दिवे आहेत, संडास आहेत, आणि संध्याकाळी फाटकाला कुलूप असतं. ती शाळा. एक वर्ग, एक शिपाई, आळीपाळीने येणारे दोन पालक, सात ते साडेआठ. शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्या बैठका होतात, आणि शाळेतल्या मुलांचे पालक तिच्यात सदस्य असतात. पुढच्या बैठकीत हा एक विषय लेखी द्या, आणि किल्ली कोणाकडे राहील त्याचं नाव त्याच बैठकीत इतिवृत्तात लिहून घ्या.