जर्मनी तिकडं, परभणी इकडं

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही आपली जुनी ऐट. त्या जर्मनीत न्यूर्बुर्गरिंगला १९२७ सालचा ट्रॅक आहे, एक फेरी २०.८ किलोमीटरची. तिकीट काढा, घरची जुनी गाडी घाला, हौस फेडा. आपल्याकडं तिकीटही लागत नाही. एमएच-२२ पासिंगची, तिसऱ्या मालकाची मारुती ८०० घ्या, मागच्या काचेवर ‘आईचा आशीर्वाद’ असतोच, आणि गंगाखेड रोडला लागा. तिथली वळणं इंजिनिअरनं आखलेली, इथली खड्डा आखतो. वरून अंधारात बिनदिव्याची उसाची ट्रॉली. अस्सल ट्रॅकच पाहिजे तर चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला जा. पण तिथं कारमध्ये हेल्मेट घालावं लागतं म्हणे. इथं मोटारसायकलवाला ते आरशाला अडकवतो!