पणजोबांच्या मागावर सायकल

कॅरिअरला तंबू, दांड्याला पंप, एका झोळीत सावजी मसाल्याची पुडी नि जवसाची चटणी, दुसऱ्या झोळीत मोडी शिकवणारं पुस्तक आणि कुणाच्या तरी आजोबांच्या लग्नाची पत्रिका. दिवाळी सरली की खाप्याच्या रस्त्यावर असा ऐवज डुगडुगत जाताना दिसतो. पानठेल्यावरचे ओळखतात, काकाजी पणजोबा शोधायला निघाले.

काकाजी निवृत्त मास्तर. अशी माणसं आता बऱ्याच गावांत आढळतात. निवृत्तीनंतर एक तर माणूस भजनी मंडळात जातो, नाही तर वंशावळीत. काकाजींनी दुसरी वाट धरली आणि तीही सायकलने. कारण विचारलं तर म्हणतात, "आपले बुढे पायी गेले न बावा. मी गाडीत बसून गेलो त त्यायले काय वाटन?"

बुढे पायी गेले, हे मात्र खरं. कन्हानच्या काठावरचं खापा हे जुनं विणकरांचं गाव. लुगडी मागावरून उतरायची आणि बाजार गाठायची. 1877 साली नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, पुढे गिरण्यांचं कापड स्वस्त झालं आणि मागाची खटखट मंदावत गेली. कुणी मिलीत लागलं, कुणी मँगनीजच्या खाणीवर गेलं, कुणी सोयऱ्यांकडे मोहाडी, आंधळगाव, पवनीला सरकलं. काकाजींचं घराणं असं चहूकडे सांडलेलं आहे आणि ते वेचत फिरणं हा त्यांचा उद्योग.

अंतर ते किलोमीटरमध्ये मोजत नाहीत. "पवनी? दोन चुलत पणजोबा लागतात रस्त्यात," असं सांगतात. नागपूरच्याच डॉ. अमित समर्थ यांनी 2017 साली रेस अक्रॉस अमेरिका एकट्याने पुरी केली, पाच हजारांच्या आसपास किलोमीटर. त्यांच्याबद्दल काकाजींना आदर आहे, पण तक्रारही आहे. "एवढे गावं लागले असतीन, एकाही गावात थांबून कोनाचं आडनाव इचारलं नाई!"

त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांकडे यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नामावळ्या आहेत. गाव आणि आडनाव सांगितलं की वही निघते. ती पाहायला काकाजी निघाले आणि थेट समृद्धी महामार्गाच्या तोंडाशी गेले. तिथे सायकलला मज्जाव. शेवटी अमरावती, अकोला, भुसावळ, धुळे असं जुन्या रस्त्याने, ट्रकांचा धूर खात नाशिक गाठलं. वहीत पूर्वज सापडले, पण मोडीत. मोडीत दोन शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत नाही, आणि काकाजींचं मोडी अजून मुळाक्षरांपाशीच. त्यांनी एक पणजोबा स्वतःच वाचून काढले, पितृपक्षात त्यांचं पान वाढलं, कावळाही शिवला. पुढे एका जाणत्याने नक्कल पाहून सांगितलं की हे गृहस्थ दुसऱ्याच घराण्यातले. काकाजी म्हणाले, "जेवून गेले न? मंग झालं."

तंबूची कथा वेगळीच आहे. तो काकाजींच्या मुलाने मोठ्या हौसेने घेऊन दिला, झिपवाला, पाणी न शिरणारा. देवळाच्या पटांगणात तो उभा राहतो न राहतो तोच गावातली पोट्टी आत शिरतात, मग त्यांच्या मागून कुत्रं. तेवढ्यात कुणी तरी बुजुर्ग येतात, आडनाव विचारतात आणि कडाडतात, "आमच्या गावात येऊन तंबूत निजता? लोक काय म्हनतीन आमाले?" तंबू गुंडाळला जातो. पाटवड्यांच्या रश्शाबरोबर नातं निघतं. विदर्भात तसं ते निघतंच. दोन भाकरींच्या आत न निघालेलं नातं मी तरी पाहिलेलं नाही.

आणि हात धुऊन झाले की माळ्यावरून प्लॅस्टिकची थैली खाली येते.

त्या थैलीसाठी काकाजी मनातून तयार असतात, तरी दर वेळी त्यांचा चेहरा पडतो. थैलीत घरातल्या पोरीचा जात पडताळणीचा अर्ज असतो. अनुसूचित जाती-जमातीला 1950 च्या आधीचा कागद लागतो, भटक्या-विमुक्तांना 1961 च्या, इतर मागासवर्गाला 1967 च्या. शाळेचं दाखलखारीज, तहसिलीतलं कोतवाल बुक, जे मिळेल ते. काकाजी विचारत असतात, आपले मूळपुरुष कुठून आले, माग कुठे टाकला, कोणते काठ विणायचे. समोरून एकच प्रश्न येतो, "तुमच्यापाशी पन्नासच्या आदीचं काई हाये का?"

ही हौसेची भटकंती आहे, हे कुणालाच पटत नाही. पदरचे पैसे घालून, सायकल मारत कोणी मेलेल्या माणसांची नावं गोळा करतं का? हा नक्की कागद काढून देणारा दलाल असणार, भाव वाढवायला साधेपणा करतोय. एका गावात तर त्यांना हळूच विचारलं गेलं, "कितीक लागतीन?" काकाजी रागाने उठले, सायकलपाशी गेले, पंप काढला, थोडी हवा भरली आणि परत येऊन बसले. सकाळी त्या पोरीच्या बापाला घेऊन तहसिलीत गेले. कोतवाल बुकाची नक्कल मिळेपर्यंत त्यांचा मुक्काम लांबला. असे मुक्काम लांबतातच, म्हणून त्यांची कुठलीही मोहीम ठरल्या दिवशी संपत नाही आणि घरी काकूंचा पारा चढलेला असतो.

काकूंचा मूळ आक्षेप मात्र सायकलवर नाही. भिंतीवर लावलेल्या त्या लांबलचक वंशवृक्षाकडे बघत त्यांनी एकदा विचारलं, "यात बाया कुठी हायेत? हे सारे मानसं काय झाडाले लागले व्हते?" काकाजींनी समजावलं, पडताळणीत बापाकडचीच वंशावळ चालते. काकू म्हणाल्या, "मी काय नोकरीले लागून राहिली का?"

काकूंचं माहेर सौंसरचं. 1956 साली राज्यं नव्याने आखली गेली, विदर्भ मुंबई राज्यात आला आणि सौंसर मध्य प्रदेशात राहिलं. म्हणजे कागद परराज्यात, शिक्के हिंदी. काकाजींनी नकाशा पसरून या सीमापार मोहिमेचा आराखडा सुरू केला. तो चालू असताना काकू भाच्याच्या लग्नाला बसने जाऊन आल्या. येताना लग्नपत्रिकेच्या पाठीमागे सगळं माहेर लिहून आणलं, आज्या, पणज्या, सवती, बाळंतपणात गेलेल्या, कोण कुठे दिली, कुणाचं कुणाशी पटत नव्हतं आणि का.

काकाजींनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. "याले पुरावा काय?"

"मोठी आत्या. अजून बसली हाये खाटेवर. जाऊन इचारा."

"पडताळणी त करा लागन," असं म्हणत काकाजी सायकलची चेन साफ करायला बसले.