चंद्रपूरची वीज आणि नागपूरचा मेव्हणा

आमच्या पडघ्याला विदर्भातून दोन गोष्टी थेट येतात. चंद्रपूरहून वीज आणि नागपूरहून माझा मेव्हणा. वीज १९९९पासून येतेय. ७५२ किलोमीटरची लाइन, क्षमता १५०० मेगावॉट, आणि वाटेत चहाला थांबणं नाही. मेव्हण्याची सोय व्हायला जून २०२५ उजाडावा लागला. समृद्धी महामार्ग पुरा झाला, ७०१ किलोमीटर, शेवट आमणे. आमणे म्हणजे आमचं परसदारच.

"भाऊजी, आठ तासांत येतो ना जी," असं तो सांगतो आणि येतोही. आमण्यापर्यंत. तिथून "आलोच" असा फोन येतो, बायको भावासाठी भजी तळायला घेते. भजी निवतात, मी ती सत्कारणी लावतो, दुसरा घाणा पडतो, तरी पाहुणा जोडरस्त्याच्या तोंडाशीच. मुंबई-नाशिक महामार्गात शिरायला फट शोधतोय. समृद्धीवर ताशी १२०ची मुभा असलेला माणूस इथे ब्रेकवर पाय ठेवून समोरच्या ट्रकची मागची बाजू वाचत बसलेला असतो.

शेजारच्या काकांची हयात वीजकेंद्रात गेली. त्यांचं निदान एका वाक्यात असतं: "जुळवून न घेता शिरतात." चंद्रपूरहून येते ती वीज डीसी, म्हणजे एका दिशेने वाहणारी. इथल्या जाळ्यातली एसी, सेकंदाला ५० आवर्तनं. आली की लोटली आत, असं पडघ्याच्या केंद्रात चालत नाही. आधी तिची एसी करायची, ठेका जाळ्याच्या ठेक्याशी तंतोतंत मिळवायचा, आणि मगच जोडायची. काकांना ट्रॅफिकमध्ये बसवलं की ते खिडकीतून प्रत्येक गाडीकडे बघून पुटपुटतात, "ही पण डीसीच."

रस्त्याच्या नकाशातही ही जुळवणी असते, बरं का. रॅम्प संपतो तिथून महामार्गाला लागून एक जादा पट्टी काही अंतर धावते आणि निमुळती होत संपते. ती वेग वाढवण्यासाठी. वळणावरून ताशी तीस-चाळीसने उतरायचं, पट्टीवर मुख्य रस्त्याचा वेग पकडायचा, आरशात बघायचं, आणि अलगद आत सरकायचं. आमच्याकडे त्या पट्टीचे इतके उपयोग निघालेत की हा एक तेवढा मागे पडला. तिथे शेअर रिक्षा सीट भरत असते, ट्रेलरचा टायर बदलला जात असतो, आणि कलिंगडाचा टेम्पो तर मोजूनमापून ठरवल्यासारखा ऐन टोकाला. मग आत शिरणारी गाडी थांबते आणि शून्यावरून थेट गोदामाकडे निघालेल्या कंटेनरपुढे उडी घेते. जड वाहनं डावीकडे हवीत हे कंटेनरवाल्यालाही ठाऊक असतं. पण डावीकडे कलिंगडं आहेत.

जर्मनीत दोन रांगांची एक होताना आळीपाळीने, एक इकडची एक तिकडची, असं कायद्यातच लिहिलंय. आपल्याकडे ज्याचा बंपर पुढे त्याची पाळी.

मेव्हण्याकडे अर्थातच तोडगा तयार असतो. "क्लोव्हरलीफ बांधा ना इथं. सिग्नल नाही, काही नाही." कल्पना जुनी आहे. अमेरिकेत आर्थर हेल नावाच्या इंजिनिअरने १९१६ साली तिचं पेटंट घेतलं, आणि १९२९मध्ये न्यू जर्सीतल्या वुडब्रिजला तिथला पहिला चौपानी चौक झाला. उजवीकडे जायचं तर पूल ओलांडून डावीकडे वळायचं आणि पाऊण वर्तुळाची पाकळी फिरायची. पडघ्यात हे कुणाला पटवणार? उजवीकडच्या गावाला जायला डावीकडून प्रदक्षिणा सांगितली, तर आमचे लोक दुभाजकात फट पाडतील. खरी मेख मात्र दोन पाकळ्यांच्या मधल्या तुकड्यात आहे. एका पाकळीतून आलेल्यांना तिथे डावीकडून उजवीकडे सरकायचं असतं, आणि पुढच्या पाकळीत जाणाऱ्यांना त्याच शंभर-दोनशे मीटरात उजवीकडून डावीकडे. गर्दी वाढली की दोघेही अडतात. म्हणून शहाण्या ठिकाणी हा सगळा गोंधळ मुख्य रस्त्यापासून तोडून बाजूच्या वेगळ्या रस्त्यावर नेऊन ठेवतात. वुडब्रिजचा चौक तर पुढे मोडून नव्या पद्धतीने बांधला.

हे मी मेव्हण्याच्या गाडीत बसून त्याला सांगतच होतो, तेवढ्यात समोरच्या रॅम्पवर एक चाळीस फुटी कंटेनर उलटा येऊ लागला. नाशिकचा फाटा चुकला होता. मागे क्लीनर, हातात मळका गमछा. त्याने तो एकदा फिरवला आणि तिन्ही लेन थांबल्या. बस थांबली, बाइकवाले थांबले, एरवी रुग्णवाहिकेलाही वाट न देणारा तो पांढऱ्या गाडीवाला थांबला. कंटेनर निवांत मागे आला, वळला, मार्गी लागला. क्लीनरने धावत जाऊन केबिनचा दांडा पकडला आणि आमच्याकडे बघून ओरडला, "ओ शेठ, निघा की! रस्ता काय अडवून धरलाय?"