धुराची शिरगणती

सरकारदरबारी वजनाला मान असतो, हे सत्य वसई तालुक्यातील चांदीप गावच्या रयतेस नव्याने शिकविण्याची गरज नाही; परंतु हवेतील कणांच्या बाबतीतही हाच दंडक कसोशीने पाळला जातो, ही वार्ता कारभाराच्या समदर्शित्वाविषयी आदर वाढविणारी आहे. 2009 च्या राष्ट्रीय मानकांन्वये दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांना, चोवीस तासांच्या सरासरीने, घनमीटरमागे 100 मायक्रोग्रॅम आणि अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांना 60 मायक्रोग्रॅम वजनाचा परवाना आहे. एक दशांश मायक्रॉनहून सूक्ष्म कणांसाठी मात्र त्या फर्मानात स्वतंत्र रकानाच नाही. आणि डिझेलचे इंजिन काय, भाताच्या रोपांसाठी भाजलेला राब काय किंवा ओल्या सरपणाची चूल काय, ज्वलनातून निपजणारी प्रजा संख्येने बहुतांशी याच मापाच्या आसपासची!

घनता सारखी धरली, तर दहा मायक्रॉनचा एक स्थूल कण आणि एक दशांश मायक्रॉनचे दहा लाख कण तराजूत समसमान भरतात. म्हणजे डंपरच्या चाकाने उडविलेला मातीचा एक रजःकण दप्तरात जेवढा रुजू होतो, तेवढेच त्याच डंपरच्या धुराड्यातून सुटलेले दहा लाख काजळीकण. वास्तविक तो स्थूल कण बहुधा नाकाघशाच्या नाक्यावरच अडतो व शिंकेच्या हुकुमाने हद्दपार होतो. अतिसूक्ष्म कण मात्र फुफ्फुसाच्या वायुकोशांपर्यंत मुलूखगिरी करून, त्यांतले काही थेट रक्तातही उतरतात. तरीही 2019 च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात शहरांची प्रगती मुख्यतः दहा मायक्रॉनच्या मापानेच जोखली जात असल्यामुळे, रस्त्यावर टँकरने पाणी शिंपडणे हा सर्वांत पुण्यप्रद उपाय ठरतो: धूळ बसते, आकडा उतरतो आणि धूर निर्वेधपणे आपल्या कामास लागतो.

सरकारला मोजता येत नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. 2020 पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या मानकांत नव्या डिझेल मोटारीला किलोमीटरमागे 60,000 कोटी कणांची मर्यादा घातलेली आहे, आणि अर्थसंकल्पात शोभावा असा तो आकडा प्रयोगशाळेत शिरगणतीनेच तपासला जातो. नळीतून बाहेर पडून चांदीपच्या हवेत आल्यावर तेच कण बेवारस होतात, इतकेच.

यावर आमची एक नम्र सूचना आहे. लठ्ठ असो वा रोड, प्रत्येक डोके एकच धरून बिनचूक गणना करण्याचे कसब आपले कारभारी निवडणुकीत दाखवितातच. तेव्हा या सूक्ष्म कणांना मताधिकार बहाल करावा, म्हणजे आचारसंहिता लागण्यापूर्वीच त्यांची वॉर्डवार यादी तयार होऊन, पुनर्वसनाची आश्वासनेही छापून होतील.