पाटे पाहावे बदलून

उंच उचललेल्या पिकअप ट्रकचे मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) बसले, की ते लपून राहत नाही. गाडी रिकामी उभी असली तरी मागून अशी टेकलेली दिसते, जणू पंगत उठल्यावरही पाटावरून न हललेला व्याही. धडधाकट पाटा दोन्ही टोके वर करून हसत असतो. थकलेला आधी सपाट होतो आणि मग तोंड पाडतो. खात्रीसाठी मोजायची टेप पुरते. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही चाकांवर घ्यावे. अमेरिकेत टोयोटा टॅकोमाच्या मालकांना यात ड्रायव्हरची बाजू हमखास खाली सापडते. या झुकण्याला त्यांनी ‘टॅको लीन’ असे लाडाचे नावही ठेवले आहे. पेट्रोलची टाकी आणि ड्रायव्हर एकाच बाजूला असतात. पैकी टाकीचे वजन दिवसभरात कमी होते.

बसलेला पाटा आणि तुटलेला पाटा यांत मात्र गल्लत करू नये. २०१४ मध्ये टोयोटाने अमेरिकेतल्या २००५ ते २०११ या सालांच्या सुमारे ६,९०,००० टॅकोमा दुरुस्तीसाठी परत बोलावल्या, त्या पाटे तुटण्याच्या शक्यतेमुळे. तुटलेले पान जागचे हलून टाकीला लागू शकते. म्हणून गाडीखाली आडवे होऊन गंजाच्या पापुद्र्यांमागे चीर आहे का, ते आधी पाहावे आणि उंचीचा विचार नंतर करावा.

उंचीचा मोह मोठा असतो आणि तो भागवण्याचे स्वस्त उपायही बरेच आहेत. पाट्यांचा जुडगा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये धातूचा ठोकळा घातला, की तासाभरात गाडी २ इंच उचलते. पाटा मात्र तोच, थकलेला. आजोबांना स्टुलावर उभे केले म्हणजे ते तरुण होत नाहीत. शिवाय ठोकळ्यामुळे अ‍ॅक्सलचा तरफेसारखा जोर वाढतो आणि जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबला की पाटा इंग्रजी ‘एस’सारखा पिळला जातो. ठोकळ्यावर ठोकळा चढवणाऱ्याविषयी न बोललेले बरे. पाट्याचे टोक चासीला जोडणाऱ्या लांब शॅकलचा हिशेब आणखी कंजूष आहे: शॅकल २ इंचांनी वाढवावी, तेव्हा गाडी जेमतेम १ इंच उठते.

तिसरा उपाय जादा पान घालण्याचा. तो महाराष्ट्राला नवा नाही. माल वाहणाऱ्या पिकअपला जादा पाटा भरून घेणे ही इकडची जुनी रीत आहे. फरक इतकाच, की इकडे तो कांद्याच्या गोण्यांसाठी भरतात आणि तिकडे छपरावरच्या तंबूसाठी. येथे जाडीचे गणित ध्यानात ठेवावे. पानाचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. एकाच जाडीची दोन पाने म्हणजे दुप्पट ताठपणा. पण दुप्पट जाडीचे एकच पान म्हणजे आठपट. म्हणून एका जाडजूड पानापेक्षा बऱ्याच पातळ पानांचा जुडगा चांगला. तो हळूहळू दबतो, एकदम गचका देत नाही.

जुनी पाने थकली असतील, तर सगळा भार नव्या पानावरच पडतो. मग संपूर्ण नवा जुडगा घेणे हाच शहाणपणा. आणि इथेच दुकानदार तो अवघड प्रश्न विचारतो: मागे कायम वजन किती असते?

लग्नाच्या बायोडाटात उंची जशी थोडी वाढते, तसे या उत्तरात वजन वाढते. मालकाच्या डोळ्यांसमोर युटामधले मोआबचे लाल खडक उभे असतात. मागचे टोपण १८० पाउंड, तंबू १५०, खणांची पेटी २००, १० गॅलन पाणी ८३. बेरीज ६०० पाउंडांच्या वर जाते आणि तेवढ्याच ताकदीचे पाटे मागवले जातात. प्रत्यक्षात तंबू वर्षातून दोनदा चढतो. उरलेले दिवस गाडी रिकामी धावते, आणि प्रत्येक गतिरोधकावर मागची सीट बसणाऱ्याच्या कवळीची परीक्षा घेते. रोजच्या सामानासह गाडी ट्रकतळावरच्या वजनकाट्यावर नेऊन अ‍ॅक्सलनिहाय पावती घ्यावी. काट्याला मोआब ठाऊक नसते. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरमध्ये लिहिलेली भारक्षमता कितीही दणकट पाटे बसवले तरी वाढत नाही, हेही पावतीबरोबर वाचून घ्यावे. त्या आकड्यात गाडीत बसणारी माणसेही येतात.

मागची उंची पुढच्या उंचीकडे पाहून ठरवावी. कारखान्यातून गाडी मागे किंचित उंच येते, ती भार पडल्यावर समतल व्हावी म्हणून. त्यामुळे पुढे २.५ इंच उचलले तर मागे साधारण १.५ इंच पुरते. उलट, नाक वर आणि शेपटी खाली अशी मुद्दाम बसवलेली ठेवण ‘कॅरोलायना स्क्वॉट’ म्हणून प्रसिद्ध आहे. पुढचे मडगार्ड मागच्यापेक्षा ४ इंच वा अधिक उंच ठेवायला नॉर्थ कॅरोलायनाने २०२१ मध्ये कायद्याने मनाई केली. थकलेल्या पाट्यांच्या मालकाला ही फॅशन फुकटात मिळू शकते, दंडासकट.

पाट्यांमागून बाकीचे सामान वऱ्हाडासारखे येते: लांब शॉकअ‍ॅब्सॉर्बर, लांब ब्रेकपाइप, प्रॉपेलर शाफ्टचा कोन बिघडला तर पाचरी. काही जुन्या टोयोटांत मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. अ‍ॅक्सल आणि चासीमधले अंतर वाढले, की त्याला गाडी रिकामी वाटते आणि तो मागचा ब्रेक हात राखून लावतो. त्याचा ब्रॅकेट उंच करावा.

बसवताना यू-बोल्ट नवेच घ्यावेत. जुने एकदा ताणले गेलेले असतात. दोन्ही टोकांचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना आवळू नयेत. चाके जमिनीवर टेकवून, भार पाट्यांवर येऊ देऊन मगच आवळावेत, नाहीतर बुश कायमचे पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. ५०० मैलांनी यू-बोल्ट पुन्हा तपासावेत. तोवर नवे पाटेही थोडे बसलेले असतात, म्हणून उंचीचे अंतिम मोजमाप त्यानंतरच घ्यावे. बसवल्याच्या संध्याकाळी टेप घेऊन गाडीभोवती फिरणाऱ्याला अडवण्याचा उपाय मात्र कोणत्याही दुकानात मिळत नाही.