मुंबई आलीच की!

दिल्लीहून राष्ट्रीय महामार्ग ४८ धरून सायकलवर निघालेला माणूस अरवली चढतो, राजस्थानचं ऊन खातो, गुजरातेत समोरून येणाऱ्या वाऱ्याशी भांडतो आणि वरसाव्याच्या पुलावरून वसईची खाडी ओलांडताना मनाशी म्हणतो, मुंबई आलीच की! आली कसली? हे मिरा-भाईंदर. गेटवे अजून चाळीसेक किलोमीटर, आणि काशिमिऱ्याच्या नाक्यावर घोडबंदरकडून येणारे कंटेनर, रिक्षा आणि उलट्या दिशेने घुसणारे दुचाकीस्वार अशी भरगच्च स्वागत समिती.

१९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलने जगप्रवासाला निघाले. त्यांतले तिघे जगाला वळसा घालून १९२८मध्ये परतले. भाग्यवान! तेव्हा दहिसरचा टोलनाका नव्हता. सायकलला टोल नसतोच म्हणा. ऑक्टोबर २०२४ पासून मोटारींनाही माफ झाला. रांग मात्र माफीच्या आदेशात बसली नाही.

त्या रांगेत झेंडा लावलेली, सामान लादलेली सायकल बघून रिक्षावाल्याने विचारलंच, “कुठून?”

“दिल्लीहून.”

“अरेरे. तत्काळमध्येपण तिकीट नाही मिळालं?”