ठमी आणि कमरेचा पट्टा

दोन्ही हात मोकळे ठेवून कुत्रा फिरवता येतो, ही कल्पना ज्या कुणाला सुचली त्याच्या घरी लॅब्रेडॉर नसणार. आमच्या घरी आहे. नाव ठमी, वजन ३१ किलो, स्वभाव अत्यंत लोकाभिमुख. म्हणजे रस्त्यात जो लोक दिसेल त्याच्याकडे मुख करून धावणारा.

पट्टा लेकीने म्युनिकहून पाठवला. कमरेला रुंद पट्टा, त्याला कडी, कडीला लवचिक दोरी आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला ठमी. पट्ट्याला खिसे इतके, की तो बांधून बाहेरच्या खोलीत आलो तेव्हा ही म्हणाली, "अहो, आता तिकिटं तेवढी फाडायची राहिली."

असले पट्टे मुळात कॅनिक्रॉस नावाच्या युरोपीय खेळातले. बर्फावरची घसरगाडी ओढणाऱ्या कुत्र्यांना बर्फ नसलेल्या दिवसांतही सराव हवा, म्हणून माणसं त्यांना कमरेला बांधून पळू लागली. कुत्रा पुढे, माणूस मागे, मधली दोरी ताठ. कुत्रा ओढेल तितकं चांगलं. आता अशा पट्ट्याने कुत्र्याला न ओढता चालायला शिकवायचं, म्हणजे दारूबंदीची सभा परमिट रूममध्ये भरवायची. शिवाय दोरी लवचिक, ओढली की लांबते. ठमीने ओढलं, की तिला थोडं पुढे जायला मिळतं. मग तिने थांबावं कशाला?

त्यात घराणं. लॅब्रेडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांकडे कामाला होते. निसटलेले मासे पकडायचे, पाण्यातले दोर आणि जाळी ओढून आणायची, ही त्यांची नोकरी. पुढे ब्रिटनमधल्या उमरावांनी ही जात जोपासली आणि १९०३ साली तिथल्या केनेल क्लबने तिला मान्यता दिली. पिढ्यान्‌पिढ्या ओढण्यात गेल्या. कोथरूडमध्ये जाळी नाहीत, म्हणून ठमी मला ओढते. यात तिचा काही दोष आहे, असं मला अजून वाटत नाही.

व्हिडिओ कॉलवर लेकीचा हुकूम सुटला, "बाबा, कमरेला इतक्यात बांधायचं नाही. आधी दोरी हातात, आणि आधी घरात." बरोबरच होतं. हातातली दोरी वेळ आली तर सोडता येते, कंबर सोडता येत नाही.

मग दिवाणखान्यात वर्ग भरला. ठमी माझ्या डाव्या पायाशी आली, की पँटच्या शिवणीपाशी उकडलेल्या चिकनचा छोटा तुकडा. शिवणीपाशीच. तुकडा पुढे धरला तर ती पुढे येऊन आडवी होते आणि माणूस तिच्यावरून पलीकडे जातो. डावीकडच्या कुत्र्याला डाव्याच हाताने द्यायचा. उजव्याने दिला की तीच गत. इस्त्रीवाल्याने एकदा अदबीने विचारलं, "काका, पँटीला रोज रस्सा लागतो का?"

खाण्याच्या बाबतीत ठमीला शिकवावं काहीच लागलं नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिलं, की साधारण चारांतल्या एका लॅब्रेडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडाच गळालेला असतो आणि अशा कुत्र्यांना खाण्याची ओढ जास्त असते. ठमीची तपासणी आम्ही केलेली नाही. गरज वाटली नाही.

घरातून पार्किंग, पार्किंगमधून रस्ता. रस्त्यावरचा नियम एवढाच, की दोरी ताणली की जागच्या जागी थांबायचं. मागे खेचायचं नाही, कारण खेचलं की कुत्रा उलट अंग पुढे लोटतो. नुसतं उभं राहायचं. ती वळून बघते, दोरी सैल पडते, मग पुढचं पाऊल. पण साठीचा गृहस्थ भल्या सकाळी चार पावलं चालून थबकतो, पुन्हा तीन चालून थबकतो, हे कोथरूडला बघवत नाही. "काका, छातीत दुखतंय का?" "बसा, बसा, पाणी आणू?" एका बाईंनी तर रिक्षाच थांबवली. थांबून भागलं नाही तर एकदम उलट दिशेला वळून चालू लागायचं, हाही धड्यातलाच भाग. त्यावर दूधवाल्याचं ठरलेलं, "गॅस चालू राहिला का, काका?" शिवाय 'तुम्ही कुत्र्याला फिरवताय की कुत्रा तुम्हाला?' हे वाक्य आपल्याला आत्ताच सुचलं अशा चेहऱ्याने दर सकाळी ऐकवणारे एक ज्येष्ठ आहेत. त्यांना हसून दाद द्यावी लागते. व्यायामाचाच एक प्रकार.

चिकन संपलं तर विजेचा खांब चालतो. दहा पावलं नीट चालली, की "जा" म्हणायचं आणि खांबाशी नेऊन मनसोक्त हुंगू द्यायचं. बक्षीस फुकट, फक्त खांबापाशी उभं राहून आपण आकाशाकडे बघायचं असतं.

एवढं झाल्यावर लेकीने कमरेची परवानगी दिली. पट्टा पोटावर नव्हे, खाली खुब्यांवर बसवायचा, म्हणजे झटका पाठीच्या कण्याला बसत नाही. कडी एका ओढीत सुटणारी हवी. ती कशासाठी, हे मांजराने समजावलं. मांजर गेलं, मागोमाग ठमी गेली, आणि कडी हाताला लागेपर्यंत मीही गेलो, थेट वाढदिवसाच्या फ्लेक्सपर्यंत. फ्लेक्सवरचे समस्त शुभेच्छुक माझ्याकडे हात जोडून बघत होते.

हल्ली ठमी खरंच जवळून चालते. दोरीला छान झोळ, मान माझ्या गुडघ्याशी, नजर वर माझ्याकडे. ही म्हणते, "किती जीव आहे हो तिचा तुमच्यावर!" मी एका सकाळी खाऊचा खिसा रिकामा ठेवून बघितलं. दोरी कोपऱ्यावरच ताणली.

तेव्हा परिसरातल्या प्राणिप्रेमींना विनंती आहे. हात जोडून केली असती, पण डावा चिकनच्या खिशात असतो आणि उजव्यात ठमीने केलेल्या घाणीची पिशवी असते. ठमी मला ओढत तुमच्याकडे आली तर तिला कुरवाळू नका, 'अले, कोण आलं' म्हणू नका, सरळ दुसरीकडे बघा. दोरी सैल ठेवून, चारी पाय जमिनीवर ठेवून आली, की मग हवे तेवढे लाड करा. आणि "एकच हो, एकच बिस्कीट" म्हणत खिशात हात घालण्याआधी, मी कशाला धरून उभा आहे का, तेवढं बघून घ्या.